कुणाचे आठ

नदीच्या अलीकडे आठ वाजतात
तेव्हा पलीकडे साडेसात.
म्हणजे वीज इथून आठला निघते
आणि तिकडे साडेसातला पोचते,
निघण्याआधीच पोचलेली,
असं झुलैखो नवख्या पोरांना सांगते
आणि कुणी हसलं नाही तरी स्वतः हसते.

वख्श नदीचा काठ. लोड डिस्पॅचची खोली.
भिंतभर पॅनेल, सोव्हिएत काळातलं, हिरवट,
त्यातले दोन दिवे कायमचे गेलेले.
टेबलावर चहाची किटली, मूठभर सुकी जर्दाळू,
आणि एक काळा फोन, ज्याला आकडेच नाहीत.
उचलला की थेट सरहद्दीपार.

तासाला एकदा:
"किती?"
"एकशे ब्याऐंशी."
"माझ्याकडे एकशे अठ्ठ्याहत्तर."
"चार वाटेत सांडले."
सहा वर्षं एवढंच बोलणं.
मग त्यातच शिरत गेलं थोडं काहीबाही:
सखीदादच्या मुलीला दात आले,
झुलैखोची आई गेली,
कुंदूजला बर्फ, इथं नुसताच गारठा.
चेहरे एकमेकांनी पाहिलेले नाहीत.

भाषा एकच, किंवा सख्ख्या बहिणी.
हिशेब म्हणजे हिशेब, कर्ज म्हणजे कर्ज,
बाकी म्हणजे बाकीच.
(हे शब्द आपल्याकडेही कधीचे येऊन राहिलेत,
वहीत, व्याजासकट.)
फक्त आब म्हणजे त्यांच्याकडे पाणी.
आपण तो राखतो,
ते धरणात अडवतात,
उन्हाळ्यात उतू जातं म्हणून विकतात
आणि हिवाळ्यात त्यांचं त्यांनाच पुरत नाही.

तिच्या माहेरच्या गावात जानेवारीत
वीज पहाटे तीन तास, रात्री तीन तास.
भाऊ विचारतो, "आम्हाला अंधारात ठेवून
शेजाऱ्याला विकता?"
"डॉलर येतात."
"कुठे येतात?"
यावर तिच्याकडे आकडा नाही.

त्या मार्चात तर डॉलरही आले नाहीत.
फॅक्स आला: थकबाकी. पुरवठा आठ वाजता खंडित करावा.
खाली सही, सहीवर शिक्का,
शिक्क्यावर आणखी एक सही.
आठला सात मिनिटं होती.

तिने काळा फोन उचलला, वाचून दाखवलं.
तिकडे बराच वेळ नुसती खरखर.
मग सखीदाद म्हणाला,
"प्रसूतिगृहाच्या जनरेटरमध्ये डिझेल नाही.
माणूस धाडला तर वीस-पंचवीस मिनिटं."
विनवणी नव्हती.
रोजचा आकडा सांगावा, तसं.

झुलैखोने कागद पुन्हा वाचला.
आठ वाजता, असं होतं.
कुणाचे आठ, हे नव्हतं.

भिंतीवरच्या घड्याळात आठ झाले.
नवखा पोरगा हँडलपाशी उभा, तिच्याकडे बघत.
"बस," ती म्हणाली. "चहा घे."
तो बसला. पेला हातात धरून
घड्याळाकडे बघत राहिला.
चहा निवला.
कुणी काही बोललं नाही.

साडेआठला हँडल तिने स्वतः फिरवलं.
सुई उतरत उतरत आली,
तळाशी जराशी थरथरली,
बसली.

चौकशी झाली. शेरा पडला:
वेळेचा अर्थ लावण्यात हलगर्जी.
महिन्याचा भत्ता गेला.
त्या अर्ध्या तासाचे नव्वदएक हजार युनिट
कुणाच्या नावे टाकायचे
यावर अजून पत्रव्यवहार चालू आहे.
जिल्ह्याच्या साहेबाने खासगीत विचारलं,
"प्रसूतिगृह खरंच आहे का तिथे?"
ती म्हणाली, "मी कुठे पाहिलंय?"

तार तशीच आहे, नदीवरून गेलेली, रिकामी.
आणि तासाला एकदा फोन वाजतो,
वाजायचं काही कारण नसताना.
"किती?"
"शून्य."
"माझ्याकडेही शून्य."
"मग आज वाटेत काही सांडलं नाही."

झुलैखो वहीत नोंद करते:
नऊ वाजता, शून्य.
आणि कंसात, बारीक अक्षरात:
त्यांचे साडेआठ.